दिवसा गेज, रात्री स्कॅनर: एलिट डेंजरसमधलं शोधकार्य नक्की कशासाठी करायचं?

रात्रपाळी_चाकण:

मंडळी, प्रश्न शेवटी आहे. आधी जरा रडगाणं ऐकून घ्या.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. स्टिअरिंगमध्ये बसणारा एक छोटा गोल भाग आमच्याकडे बनतो. दर तासाला प्रत्येक मशीनवरचे ५ नग उचलायचे, गो-नोगो गेज (माप मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणारं) लावायचं, बोअर गेजने आतला व्यास बघायचा, चार्टवर ठिपका मारायचा, पुढच्या मशीनकडे जायचं. ११ वर्षं झाली. वाईट काम नाही. पण पाळी संपताना आज काय केलं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं. आणि काही नसणं हेच चांगलं, कारण सांगण्यासारखं घडलं म्हणजे लॉट अडकला.

घरी आलो, जेवलो, पोरगी झोपली, की दीड तास माझा. दोन वर्षांपासून हा दीड तास एलिट डेंजरसला दिलाय. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: २०१४ च्या डिसेंबरात आलेला अंतराळयानाचा खेळ. आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या मापाने बनवली आहे, सुमारे ४०० अब्ज तारे. बहुतेकांवर अजून कोणी फिरकलेलं नाही. मला लढाई जमत नाही, व्यापारात मन रमत नाही, म्हणून मी शोधकार्याकडे वळलो.

आता हे शोधकार्य म्हणजे काय ते बघा. जंप मारायची, म्हणजे एका ताऱ्यावरून थेट दुसऱ्यावर उडी. नव्या ताऱ्याच्या तोंडासमोर येऊन पडायचं. भोंगा वाजवायचा (डिस्कव्हरी स्कॅनरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की जहाज जो आवाज काढतं, त्याला मी भोंगाच म्हणतो, आमच्या पाळीच्या भोंग्यासारखाच आहे). तोवर ताऱ्याच्या कडेकडेने जात इंधन ओढायचं. तारा ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांतला असेल तरच इंधन मिळतं, नाहीतर टाकीकडे बघत पुढची जंप. मग वेग शून्यावर आणून दुसरा स्कॅनर उघडायचा. खाली एक पट्टी असते, तिच्यावर जुन्या रेडिओची सुई फिरवावी तसा काटा फिरवायचा. खरखरीतून आवाज नीट लागला की त्या ठिपक्यावर झूम. बर्फाचा गोळा. पुढचा ठिपका. बर्फाचा गोळा. पुढचा. खडक. असे चौदा-पंधरा झाले की पुढची जंप.

ओळखीचं वाटतंय? पाच नग उचल, गेज लाव, ठिपका मार, पुढचं मशीन.

आधी मी प्रवासी मिशन घ्यायचो. एक श्रीमंत पर्यटक येतो, मला अमुक नेब्युला (तेजोमेघ) दाखवा म्हणतो, आणि काही हजार प्रकाशवर्षांच्या सहलीचे मोठे पैसे देतो. गेलो एकदा. चार रात्री नुसत्या जंपा. तिथे पोचलो तर सगळं आकाश गुलाबी-जांभळं. मी हात कंट्रोलरवरून काढून बघत बसलो. तिथला बीकन (खुणेचं यंत्र) स्कॅन केला, ‘मिशन अपडेट झालं’ अशी ओळ आली, आता साहेबांना परत सोडा. परत चार रात्री. पैसे जमा. साहेब उतरून गेले. रिक्षावाल्याला सुट्टे देताना माणूस निदान काहीतरी बोलतो हो.

म्हणून ठरवलं, मिशन नको, आपण आपलं जायचं. आकाशगंगेचं केंद्र, सॅजिटेरियस ए-स्टार, इथून सुमारे २५,९०० प्रकाशवर्षं. माझं डायमंडबॅक जहाज एका जंपेत ५८ प्रकाशवर्षं मारतं. हिशोब केला, किमान ४४७ जंपा, मिनिटाला एक धरली तरी साडेसात तास. पण मी जाताना स्कॅन करत गेलो, त्यामुळे पाच आठवडे लागले. ६०० च्या आसपास ताऱ्यांची माहिती गोळा झाली. त्यात २९ पाण्याचे ग्रह असे, की ज्यांच्यावर आधी कोणाचं नाव नव्हतं.

हे नावाचं प्रकरण सांगायला हवं. तुम्ही माहिती नेऊन विकली की त्या ग्रहावर ‘प्रथम शोध’ म्हणून तुमच्या कमांडरचं (खेळातल्या तुमच्या पात्राचं) नाव कायमचं लागतं. पुढे कोणीही तिथे गेलं तरी त्याला ते दिसतं. मी कमांडरला आमच्या गावाचं नाव दिलंय. फेब्रुवारी लागला की टँकरची वाट बघणारं गाव, आणि २९ जलग्रहांवर त्याचं नाव लागणार होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, सरपंचाला कळवा.

माहिती विकेपर्यंत ती फक्त तुमच्या जहाजात असते. जहाज फुटलं की गेली. केंद्राजवळ एक्सप्लोरर्स अँकरेज नावाचं स्थानक आहे, तिथे विकता आली असती. मी विकली नाही. मला सगळी पाटी एकदम घरी नेऊन ओतायची होती.

परतीच्या वाटेवर एक लाल ग्रह आवडला, म्हटलं उतरून फोटो काढू. पॅनेलवर गुरुत्वाकर्षण लिहिलेलं असतं. मी १.२ वाचलं. ते ४.२ होतं. जंपेचा पल्ला वाढावा म्हणून शील्ड सगळ्यात बारीक लावलेली. जमीन जवळ येतेय म्हणून नाक वर ओढलं, जहाज ऐकेना, दगडासारखं खाली आलं. पाच आठवडे गेले. दिवसभर मायक्रॉन वाचणारा माणूस, आणि पहिलाच आकडा चुकीचा वाचला.

तर आता प्रश्न. त्या रात्री मला वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी कामावर असताना लक्षात आलं की त्या पाच आठवड्यांत मला कंटाळा आलाच नव्हता. तेच काम, तोच भोंगा, तेच बर्फाचे गोळे. उलट प्रवासी मिशनच्या आठ रात्री मी घड्याळ बघून काढल्या, आणि त्याचे पैसे तर मिळाले होते! हे उलटं कसं? बक्षीस दिलं तर पाळी, न दिलं तर सहल? हे माझ्याच डोक्यातलं आहे, की मिशन बनवणाऱ्यांचंच काहीतरी चुकतंय?

जिना_चढून_दमलेला:

दादा, खेळ बंद करा आणि झोपा. सकाळी पहिली पाळी असेल.

रात्रपाळी_चाकण:

या आठवड्यात दुसरी आहे. आणि घरात हे सांगणारं माणूस आहे.

अर्धवट_डिझायनर:

रात्रपाळीदादा, सलाम. मी काही वर्षं एका स्टुडिओत लेव्हल डिझाइन करायचो (कोणत्या ते विचारू नका), तर पलीकडच्या टेबलावरून हे कसं दिसतं ते सांगतो.

तुमचं पर्यटकाचं मिशन कोणी बसून लिहिलेलं नाही. तो साचा आहे. प्रवाशाचा प्रकार, जायचं ठिकाण, अंतर, त्यावरून पैसे. यंत्र जागा भरतं, छापतं. असा साचा बनवताना डिझायनरला पहिला प्रश्न हा पडतो की खेळाला तपासता काय येईल? जहाज तिथे गेलं का, हे येतं. बीकन स्कॅन केला का, येतं. परत आलं का, येतं. तुम्ही हात सोडून जांभळं आकाश बघत बसलात, हे तपासता येत नाही. म्हणून पैसे अंतराला लागतात, बघण्याला नाही. तुमचं गो-नोगो गेज पण तेच करतं ना? व्यास मर्यादेत आहे का तेवढं सांगतं. नग देखणा आहे का ते त्याला कळत नाही.

आणि एकदा पैसे अंतराला लागले, की प्रत्येक जंप खर्च होते. मालकाच्या डिझेलसारखी. अधलामधला तारा म्हणजे वाटेतला टोलनाका. तुम्ही स्वतःहून निघालात तेव्हा तोच तारा माल झाला. काम एकच, पण ते वहीच्या कोणत्या बाजूला लिहिलंय त्यावर सगळं.

एक माझं पाप सांगतो. मोबाइलवरच्या एका खेळात बेटं होती, हिंडायचं आणि पेट्या शोधायच्या. वरून आदेश आला, दर ४० सेकंदांना काहीतरी सापडलं पाहिजे, नाहीतर माणूस खेळ सोडतो. मी एक्सेलमध्ये रस्त्याची लांबी घेतली, चालण्याच्या वेगाने भागली आणि पेट्या पेरल्या. चाचणीत लोक खरंच थांबून राहिले, आकडे छान. नंतर मी खेळणाऱ्या चौघांना विचारलं, कोणतं बेट आवडलं? एकालाही एकही बेट आठवेना. पेट्या किती मिळाल्या ते मात्र चौघांनीही सांगितलं.

बक्षीस कमी पडलं म्हणून कंटाळा येतो असं आमच्या धंद्यात धरून चालतात. बऱ्याचदा बक्षीस इतकं नेमानं येतं की रस्ता दिसेनासा होतो.

याच्या उलटं एक उदाहरण. झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्ड या खेळात (२०१७) कोरोक नावाचे ९०० छोटे वनदेव लपवलेत. दगड उचल, कोडं सोडव, एक बी मिळतं. सामान ठेवायच्या सगळ्या जागा मिळवायला ४४१ बिया पुरतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त बिया कामाच्याच नाहीत. आणि जो हट्टाने ९०० गोळा करतो त्याला काय मिळतं? शेणाच्या पोसारखा दिसणारा सोनेरी गोळा, आणि एक नाच. लोक चिडले. मला मात्र वाटतं ती थट्टा मुद्दाम केलेली आहे. ९०० पेरले ते सगळे शोधावेत म्हणून नाही, कुठल्याही टेकडीवर गेलात तरी एखादा भेटावा म्हणून. यादी पूर्ण करणाऱ्याला त्यांनी पोत्यात काय घालून दिलं ते बघा.

रात्रपाळी_चाकण:

डिझेलचं पटलं. पण मग सोपा उपाय नाही का? पर्यटकाने तिथे पोचल्यावर एखादं वाक्य बोलावं. ‘माझ्या आजीने हे बघायचं राहून गेलं’ वगैरे. एवढ्यानेही मला बरं वाटलं असतं.

अर्धवट_डिझायनर:

पहिल्या खेपेला. तिसरा पर्यटकही आजीचं तेच वाक्य बोलला की तुम्ही त्याला जहाजाच्या दारातून अंतराळात टाकाल.

४०० अब्ज ताऱ्यांची हीच तर गोम आहे. जागा स्वस्त असते, बोलणं महाग. १९८४ चा पहिला एलिट डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी केंब्रिजला शिकत असताना लिहिला. बीबीसी मायक्रो नावाच्या संगणकावर, ३२ किलोबाइट मेमरीत. त्यात ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ तारे. काही साठवलेलं नव्हतं, थोड्या आकड्यांवरून गणिताने दर वेळी तेच तारे पुन्हा तयार व्हायचे. म्हणजे अफाट जागा तेव्हाही फुकटात बनायची. तिथे जायचं कशाला, याचं उत्तर गणितातून निघत नाही. ते आजही तसंच.

परग्रहावरची_म्हैस:

एक राहिलं. रात्रपाळी फिरवतोय तो काटेवाला स्कॅनर २०१८ च्या डिसेंबरात आला. त्याआधी चांगला स्कॅनर असेल तर एका भोंग्यात अख्ख्या मंडळाचा नकाशा उघडायचा, पण तपशील हवा तर प्रत्येक ग्रहापर्यंत स्वतः उडत जावं लागायचं. कधी कधी दुसरा तारा इतका लांब की जहाज नाकासमोर सोडून मी भाकरी भाजून यायचे. खोटं नाही, तव्यावर भाकरी आणि टॅबवर जहाज.

बदल झाला तेव्हा जुने लोक दोन गटांत भांडले. एक म्हणे, कंटाळा गेला, एका जागी बसून सगळं दिसतं. दुसरे म्हणे, कंटाळा गेला नाही, फक्त उडण्याचा होता तो बटणं दाबण्याचा झाला, आणि ग्रहाजवळ जायचं कारणच संपलं. मी दुसऱ्या गटात. ते रिकामं उडणं मला लागायचं. आता मी ताऱ्याजवळच उभी राहून सगळे ग्रह चिमट्याने उचलते आणि निघून जाते. ग्रहांभोवतीची कितीतरी सुंदर कडी असतील जी मी फक्त ठिपका म्हणून बघितली.

आणि पैशासाठी खेळणाऱ्यांनी तर रोड टू रिचेस काढलाच आहे. कोणीतरी आधीच सापडलेल्या महागड्या ग्रहांची क्रमवार यादी, आपण फक्त जायचं आणि हजेरी लावायची. त्याला शोध म्हणणं म्हणजे वाण्याच्या यादीला कविता म्हणणं.

खोडदची_पाहुणी:

मी खेळत नाही, नवरा खेळतो, त्याने हा धागा दाखवला. पण काट्याच्या स्कॅनरचं वर्णन वाचून राहवेना.

एम. एस्सी.ला असताना माझा प्रोजेक्ट नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर होता. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर दूरदूर पसरलेल्या. मित्रमैत्रिणींना वाटायचं मी रोज रात्री विश्वाची रहस्यं उलगडते. मी रोज रात्री कचरा काढायचे. मोबाइल, विजेच्या तारा, उपग्रह, सगळ्यांची खरखर त्या निरीक्षणात मिसळते. पडद्यावर पट्टेच पट्टे. हा खोटा, काढ. हा खोटा, काढ. हा? बाजूच्या थाळीत पण आहे का बघ. खोटा, काढ. तीन महिन्यांत मी नवीन काहीही शोधलं नाही. तरी ते तीन महिने मला आजही तासातासाने आठवतात, आणि नंतरच्या बऱ्या पगाराच्या नोकरीतली दोन वर्षं कुठे गेली ते सांगता येत नाही.

रात्रपाळीदादा, तुमच्या ‘उलटं कसं’ या प्रश्नाला माझ्याकडचं उत्तर एवढंच, की पुढचा पट्टा खरा असू शकला असता. तुमचा पर्यटक कुठे नेऊन सोडायचा ते तुम्हाला निघतानाच ठाऊक होतं. पुढच्या ताऱ्याभोवती काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि नावाच्या पाटीबद्दल. १९६७ साली केंब्रिजमध्ये (एलिटही तिथलाच, बघा) जोसेलिन बेल नावाची विद्यार्थिनी स्वतः खांब ठोकून, तारा ओढून उभारलेल्या दुर्बिणीचे चार्ट वाचायची. कागद रोज जवळजवळ ३० मीटर निघायचा. त्यात तिला अर्ध्या सेंटिमीटरचं एक खरखरीत कुसळ दिसलं. ना ताऱ्यासारखं, ना गाड्यांच्या खरखरीसारखं. आधीही दिसलं होतं असं आठवून तिने मागचे कागद उलगडले. तेच होतं, आकाशात त्याच जागी. पुढे वेगाने कागद फिरवला तेव्हा ठोके निघाले, दर १.३३ सेकंदाला एक. पहिला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरत असे ठोके देणारा तारा. तुमच्या खेळात ज्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून गेलं की जंप चौपट होते म्हणतात, तोच प्रकार.

१९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्यूइश यांना मिळालं, मार्टिन राइल यांच्यासोबत. तिला नाही. पाटी दुसऱ्याच्या नावाची लागली म्हणा. २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचं दुसरं पारितोषिक मिळालं, ते तिने विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकलं.

तुमचे २९ ग्रह गेले याचं मला खरंच वाईट वाटलं. पण तुम्ही ते पाहिलेत, हे काही त्या जहाजाबरोबर फुटलं नाही.

जिना_चढून_दमलेला:

ताई, तुम्ही असं लिहिल्यावर आता झोपा कसं म्हणू.

परग्रहावरची_म्हैस:

ताईंच्या ‘पुढचा पट्टा खरा असू शकला असता’ला एक शेपूट जोडते. तेवढंच पुरत नाही, नाहीतर लॉटरीचं तिकीटही शोधकार्य झालं असतं. काही खेळ माणसाला याच आशेवर रात्रभर बसवतात आणि सकाळी हातात काही नसतं. फरक असा की सहाशे तारे झाल्यावर रात्रपाळीला पट्टीवर काटा कुठे अडला की पाणी असणार, हे न बघता कळायला लागलं असेल. बरोबर ना?

रात्रपाळी_चाकण:

अगदी. शंभरेक मंडळं झाल्यावर डोळे मिटूनसुद्धा, आवाजावरून. कामावर पण तसंच आहे. नवीन पोरगा गेज बघतो, मी मशीनचा आवाज ऐकून सांगतो की टूल झिजलंय. कोणी त्याचे वेगळे पैसे देत नाही.

पाण्यात_म्हैस_बाहेर_मोल:

सगळ्यांना एकच सांगणं, आउटर वाइल्ड्स. २०१९ चा खेळ. छोटीशी सूर्यमाला, बोटावर मोजण्याइतके ग्रह, २२ मिनिटं, आणि मग परत पहिल्यापासून. पैसे नाहीत, जहाज सुधारायचं नाही, लेव्हल नाही. जहाजातल्या नोंदवहीत तुम्हाला काय कळलंय तेवढं उरतं. शेवटी करायचं ते पहिल्याच फेरीत करता आलं असतं, फक्त तुम्हाला माहीत नव्हतं. याच्यापुढे एक अक्षर सांगणार नाही आणि इथे कोणी सांगितलं तर भांडण होईल.

(आणि हो, नाव सारखं आहे, पण परग्रहावरच्या म्हशीशी माझा संबंध नाही.)

अर्धवट_डिझायनर:

आउटर वाइल्ड्स उत्तमच, पण तो एकदाच खेळता येतो. कळलं की संपलं. रात्रपाळीदादांना दोन वर्षं रोज दीड तास काहीतरी हवंय.

मधला रस्ता काढणारेही आहेत. झेल्डाच्या विंड वेकरमध्ये (२००२) शेवटाकडे समुद्रभर हिंडून ट्रायफोर्स या जादुई वस्तूचे ८ तुकडे गोळा करायचे होते. प्रत्येक तुकड्यासाठी आधी एक नकाशा शोधा, तो टिंगल नावाच्या पात्राकडून ३९८ रुपी (त्या खेळातलं चलन) मोजून वाचून घ्या, मग जाऊन गळ टाका. लोक वैतागले. २०१३ च्या नव्या आवृत्तीत ८ पैकी ५ तुकडे थेट हाती लागतात, नकाशाचा फेरा ३ तुकड्यांपुरता ठेवला, आणि वारा न बदलता जोरात जाणारं शीड दिलं. समुद्र तेवढाच ठेवला, हे मला आवडलं. रिकामं पाणी कापायला त्यांनी हात लावला नाही, टिंगलचं दुकान आवरलं.

रात्रपाळी_चाकण:

तीन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचं वाचलं, खोडदच्या ताईंचं दोनदा, बायकोला पण वाचून दाखवलं. ती म्हणाली ३० मीटर कागद रोज म्हणजे आपल्या मापाच्या पाच-सहा साड्या.

परत निघालोय. या वेळी वाटेत जे कोणाचं कॅरियर (दुसऱ्या खेळाडूचं फिरतं स्थानक) भेटेल तिथे माहिती विकतो, कमिशन गेलं तर गेलं. १४ पाण्याच्या ग्रहांवर गावाचं नाव लागलं सुद्धा. खरं सांगू का, लागलं तेव्हा एवढं काही झालं नाही. एक यादी आली, खाली रक्कम आली.

पण काल एक झालं. ओडिसी घेतल्यापासून (२०२१ ची भर, ज्यात जहाजातून उतरून पायी फिरता येतं) मी जीवशास्त्राच्या वाटेला गेलो नव्हतो, कारण ऐकून होतो की ते स्कॅनरपेक्षाही कंटाळवाणं. एका सजीवाचे तीन नमुने घ्यायचे, आणि तिन्ही एकमेकांपासून ठरावीक अंतरावर हवेत, नाहीतर यंत्र घेत नाही. बॅक्टेरियमला ते अंतर ५०० मीटर. काहींचे चिक्कार पैसे मिळतात, स्ट्रेटम टेक्टोनिकासचे तर सुमारे १ कोटी ९० लाख क्रेडिट, आणि पहिली नोंद तुमची असेल तर पाचपट. मला कसले, साधे बॅक्टेरियम मिळाले. जमिनीवर सांडलेल्या डागासारखे असतात, उभ्याने दिसतही नाहीत.

पहिला नमुना जहाजाच्या पायाशीच सापडला. दुसऱ्यासाठी चालायला लागलो. बटण पुढे दाबून धरायचं, एवढंच काम. मनात म्हटलं, डिझायनरसाहेब, हे ५०० मीटर कशाला, ५० चालले नसते? तुमची ४० सेकंदांची पेटी इथे नव्हती. खाली बघत चाललो होतो, डाग शोधत. मग पायाखालची सावली हलली. म्हणजे एक माझ्या मागे होती तशी राहिली, आणि दुसरी बाजूने निघाली. वर बघितलं तर टेकाडामागून दुसरा सूर्य येत होता, बारका, नारिंगी. स्कॅनरमध्ये मी तो पाहिला होता. ठिपका होता, ‘के’ वर्गाचा, झूम केला, पुढे गेलो.

दोन सावल्यांनी बराच वेळ चाललो. ५०० मीटर कधी झाले कळलं नाही, दुसरा नमुना मागेच राहून गेला.

दुसरा आणि तिसरा अजून घ्यायचेत. जहाज तिथेच उभं आहे, मी त्याच्यात बसून खेळ बंद केला. उद्यापासून पहिली पाळी, साडेपाचची बस, त्यामुळे शनिवारशिवाय जमणार नाही. उतरताना गुरुत्वाकर्षण ०.३१ होतं. तीनदा वाचलं, आणि वहीत लिहून ठेवलंय.